हातात १८,४००: नालासोपाऱ्याची रूम आणि जुनी अल्टो, दोन्ही झेपेल का?

सहार_नाईट (प्रश्न)

विमानतळाजवळच्या कॅटरिंग किचनमध्ये ठेकेदारामार्फत काम आहे. ग्रॉस २०,५००, हातात साधारण १८,४००. बायको पॅकिंगच्या गाळ्यात जाते, तिचे ९,०००. मुलगा पहिलीत. सध्या भावाकडे राहतोय, दिवाळीनंतर वेगळं बिऱ्हाड करायचं आहे.

अडचण शिफ्टची आहे. सुटी रात्री अडीचला होते आणि पहिली लोकल चारनंतर. दोन पर्याय दिसतात. एक, नालासोपारा पूर्वेला १ आरके, भाडं ६,००० च्या आसपास, आणि येण्याजाण्यासाठी सीएनजीवरची जुनी अल्टो, दीड-पावणेदोन लाखांपर्यंत. हाताशी साठ हजार आहेत, बाकी कर्ज. दुसरा, मरोळ-साकीनाका भागात चाळीतली खोली, भाडं १०,००० आणि डिपॉझिट ५०,०००, पण मग गाडी नाही. गावाला आई-वडील आहेत, त्यामुळे गाडी असावी असं घरात सगळ्यांना वाटतं. कोणी नीट हिशोब मांडून सांगेल का? उगाच धीर देऊ नका, आकडे सांगा.

पगारपत्रक

आधी पगार. १८,४०० हा आकडा बरोबर बसतो. बेसिक आणि विशेष भत्ता मिळून १४,५०० धरले तर १२ टक्क्यांनी पीएफ १,७४०, ग्रॉसवर ०.७५ टक्के ईएसआयसी (कामगार विमा) १५४, व्यवसाय कर २००. कपात २,०९४, हातात १८,४०६. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० कापतात, त्या महिन्यात शंभर कमी येतील.

नवीन ठिकाणी बोलणी करताना एक सांभाळा. ठेकेदार 'तेवीस हजारांची नोकरी' म्हणतो तेव्हा त्यात त्याच्या वाट्याचा पीएफ आणि ३.२५ टक्के ईएसआयसी धरलेली असते. त्या तेवीसचेच हातात अठरा-साडेअठरा होतात. तेवीस हजार गृहीत धरून खोली बघायला गेलात तर पहिल्याच महिन्यात साडेचार हजारांचा खड्डा. महाराष्ट्रात ५० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना १९८३ च्या कायद्याने किमान ५ टक्के घरभाडे भत्ता द्यावा लागतो. तो तुमच्या स्लिपवर वेगळा दिसतो का बघा. १४,५०० वर तो ७२५ रुपये होतो. खोलीचं भाडं कुठे आणि ७२५ कुठे! पण हक्काचे आहेत, सोडू नका.

आता दोघांचे मिळून २७,४०० धरून नालासोपारा. भाडं ६,०००, लाईट ९००, किराणा-दूध-भाजी ७,०००, सिलिंडर ९००, दोन मोबाइल ७००, पास आणि शेअर रिक्षा १,३००, शाळा १,५००, औषधं-कपडे १,५००. बेरीज १९,८००. उरतात ७,६००, आणि यात गावाला पाठवायचं काहीच धरलेलं नाही.

मरोळला भाडं १०,०००, लाईट १,०००, बाकी तेच, पास नाही. बेरीज २२,६००, उरतात ४,८००. बायकोला त्या भागात तेवढ्याच पगाराचं काम मिळेल हे मी गृहीत धरलंय. मरोळ, साकीनाका, चांदिवलीत गाळे भरपूर आहेत, पण खोलीचं टोकन देण्याआधी तिचं काम नक्की करा. तिचा एक पगार चुकला तर दोन्ही गणितं कोसळतात.

म्हणजे खरा प्रश्न एवढाच: नालासोपाऱ्यात महिन्याला जे २,८०० जास्त उरतात, त्यात गाडी बसते का?

गॅरेज_कुर्ला

नाही बसत. कागदावर दाखवतो.

गाडी १ लाख ६० हजार, साठ तुमचे, एक लाख कर्ज. जुन्या गाडीला व्याज १४ टक्के धरा, तीन वर्षं, हप्ता ३,४१८. थर्ड पार्टी विमा १००० सीसीच्या आतल्या खाजगी गाडीला २,०९४ अधिक १८ टक्के जीएसटी, वर मालक-चालकाचा अपघात विमा, मिळून वर्षाला २,८०० च्या आसपास. महिन्याचे २३५ झाले. नालासोपाऱ्यात इमारतीखाली जागा मिळाली तर पार्किंग ८००.

इंधनात खरी मेख आहे. नालासोपारा पूर्व ते सहार विमानतळ एका बाजूने चाळीस किलोमीटर. २६ दिवसांचे २,०८० किलोमीटर. जाताना घोडबंदर फाट्यापासून दहिसरपर्यंतची गर्दी, येताना रस्ता मोकळा. सरासरी किलोला २५ धरली तर ८३ किलो सीएनजी, ८० रुपयांनी ६,६४०. पेट्रोलवर हाच खर्च बाराच्या पुढे जातो. मुंबईच्या वेशीवरच्या पाचही नाक्यांवर १४ ऑक्टोबर २०२४ पासून लहान गाड्यांना टोल नाही, म्हणून दहिसरचे पैसे मी धरले नाहीत.

देखभाल: वर्षाला पंचवीस हजार किलोमीटर म्हणजे अडीच सर्व्हिसिंग, दोन वर्षांत चार टायर, तीन वर्षांत बॅटरी, क्लच कधीही. महिन्याला २,५०० बाजूला टाकलेच पाहिजेत. जो टाकत नाही त्याची गाडी सहाव्या महिन्यात गॅरेजबाहेर धूळ खात उभी राहते आणि हप्ता चालू राहतो.

एकूण १३,६०० च्या आसपास. नालासोपाऱ्यात उरतात ७,६००, पासाचे १,३०० वाचले धरले तर ८,९००. दरमहा ४,७०० ची तूट.

खोली स्वस्त मिळते तिथून काम लांब, त्यामुळे भाड्यात वाचलेले चार हजार इंधनच गिळतं. कामाजवळ राहिलात तर इंधन वाचतं, पण खोली महाग आणि चाळीत गाडी लावायला जागा नसते. मुंबईत कमी पगारावर घर आणि गाडी एकमेकांच्या विरुद्ध दिशेला ओढतात. तुमचा काही दोष नाही, शहराची रचनाच तशी आहे.

नालासोपारा_पूर्व

वरच्या हिशोबात एक भर. पूर्वेला पाणी बऱ्याच इमारतींत टँकरचं असतं आणि मालक भाड्याशिवाय महिन्याला तीन-चारशे वेगळे घेतात. भाडं विचारताना 'पाणी, मेंटेनन्स, लाईट धरून किती?' असंच विचारा.

आणि इमारत बघा. २०२५ च्या सुरुवातीपर्यंत इथे ४१ अनधिकृत इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या. भाडेकरूंनाही घर सोडावं लागलं. नळजोडणी आणि मीटर आहे म्हणजे इमारत कायदेशीर आहे असं नसतं. भोगवटा प्रमाणपत्राची प्रत मागा. मालक टाळाटाळ करू लागला की पुढची खोली बघा. अशा ठिकाणी मोठं डिपॉझिट देऊन बिनभाड्याची खोली घेणं तर अजिबात नको, तीन लाख अडकले की मालकाच्या मागे फिरायचं बळही उरत नाही.

करारनामा

भाड्याच्या कागदांचं नीट लिहितो, कारण इथे गरीब माणसाचे पैसे सगळ्यात जास्त जातात.

अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, आणि नोंदणी नसेल तर वादात भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे नोंदणीत मालकाचंही हित आहे, हे त्याला समजावून सांगता येतं.

खर्च किती? मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, तेही एकूण भाडं आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवरच्या वार्षिक १० टक्के नुसत्या गृहीत व्याजावर. मरोळचं उदाहरण घ्या: भाडं १०,००० गुणिले ११, म्हणजे १,१०,०००. डिपॉझिट ५०,००० चं अकरा महिन्यांचं व्याज ४,५८३. बेरजेचे ०.२५ टक्के म्हणजे २८६ रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. एजंट याचेच चार-पाच हजार सांगतो. त्याचा मेहनताना देऊ नका असं म्हणत नाही, घरी येऊन अंगठा आणि फोटो घेतो, त्याचं काम आहे. पण सरकारी पैसे किती आणि त्याचे किती हे वेगळं विचारा. दलाली अकरा महिन्यांच्या कराराला एक महिन्याचं भाडं, तीही खोलीची चावी मिळाल्यावर.

डिपॉझिट रोख देऊ नका. खात्यातून पाठवा आणि तो व्यवहार क्रमांक करारात लिहून घ्या. घर सोडताना 'रंगाचे पंधरा हजार कापले' हे भांडण ठरलेलं असतं. राहायला जाण्याच्या दिवशी भिंती, मोरी, नळ, दारामागची ओल, सगळ्याचे फोटो काढून मालकाला व्हॉट्सॲपवर टाका. पोलीस पडताळणी ऑनलाइन होते, तीही मालकाकडून करून घ्या.

नोंदणीकृत करार पुढे शाळेला, गॅसला, आणि गाडीच्या कर्जालाही लागतो. कराराशिवाय पत्त्याचा पुरावा नाही, पुराव्याशिवाय आरसीवर (गाडीच्या नोंदणीपत्रावर) पत्ता नाही.

चाळीतली खोली बघताना: लाईटचा मीटर स्वतंत्र की सबमीटर? सबमीटर असेल तर युनिटमागे दहा-बारा रुपये मागतात, मग हजाराचे सोळाशे होतात. पाणी किती वाजता आणि किती मिनिटं? तुम्ही पहाटे तीनला झोपणार आणि पाणी साडेपाचला येणार असेल, तर खोलीत निदान दोनशे लिटरचा पिंप ठेवायला जागा हवी. आणि रात्रपाळीवाल्याने पत्र्याखालची वरची खोली घेऊच नये, चार-पाचशे स्वस्त असली तरी. एप्रिल-मेमध्ये दुपारी पत्रा तापतो आणि झोप होत नाही. खालची, स्लॅबची खोली बघा. डोळ्यांवर झोप घेऊन किचनमध्ये उकळत्या तेलाजवळ उभं राहणं फार धोक्याचं.

सहार_नाईट

सगळ्यांचे मनापासून आभार. बायकोलाही वाचून दाखवलं. एक शंका आहे: शिफ्टमधले तिघं जण वसई-नालासोपारा बाजूचेच आहेत. प्रत्येकी दोन हजार द्यायला तयार आहेत. मग ४,७०० ची तूट भरून निघते ना?

गॅरेज_कुर्ला

आकड्यात भरते, पण करू नका. पांढऱ्या पाटीच्या गाडीत ठरावीक पैसे घेऊन माणसं नेणं म्हणजे भाड्याची वाहतूक, तिला परवाना आणि पिवळी पाटी लागते. अपघात झाला तर विमा कंपनी नेमकं हेच शोधते. त्याहून मोठी गोष्ट पुष्कळांना माहीत नसते: नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत खाजगी गाडीत बसलेल्या प्रवाशांना संरक्षण नसतं. रस्त्यावरच्या माणसाला भरपाई मिळेल, तुमच्या शेजारी बसलेल्या मित्राला नाही. ती जबाबदारी तुमच्या अंगावर येते. बारा तास उभं राहून पहाटे तीनला हायवेवर चाळीस किलोमीटर गाडी चालवायची, मागे तिघं झोपलेले. नको हो.

उलट बाजूने करा. चौघं मिळून परवान्याची, पिवळ्या पाटीची इको किंवा तत्सम गाडी फक्त परतीच्या फेरीसाठी महिन्याच्या बोलीवर ठरवा. पहाटे विमानतळावर भाडं सोडून विरार बाजूला रिकाम्या परतणाऱ्या गाड्या असतात, त्यांना ठरलेली फेरी हवीच असते. जाताना लोकल आहेच. त्याआधी चौघांनी मिळून ठेकेदाराकडे रात्री घरी सोडणाऱ्या गाडीची लेखी मागणी करा. एकट्याने तोंडी विचारलेलं हवेत विरतं.

पगारपत्रक

लेखी मागणीला दुजोरा. शिफ्टमध्ये बायका असतील तर मागणीला आणखी जोर येतो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात महिलांना कामावर ठेवायचं तर त्यांची संमती, सुरक्षितता आणि घरापर्यंत वाहन ही मालकाची जबाबदारी आहे. किचन कारखाना म्हणून नोंदलेलं असेल तर नियम वेगळे लागतात, म्हणून आधी नोंदणीचा बोर्ड बघा. बायकांसाठी गाडी जात असेल तर त्याच मार्गावरच्या पुरुषांना तीत घेणं ठेकेदाराला जड नाही.

गाडीच्या कर्जाबद्दल अजून एक. ३,४१८ चा हप्ता चालू असताना पुढे घराचं कर्ज मागितलंत तर कंपनी तो हप्ता तुमच्या ऐपतीतून वजा करते. १२ टक्के, १५ वर्षांच्या गृहकर्जाला लाखामागे १,२०० चा हप्ता बसतो. म्हणजे या अल्टोमुळे तुमचं पावणेतीन-तीन लाखांचं घरकर्ज कमी होतं. तुमचं कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आसपास आहे. मुंबई महानगर प्रदेशात म्हाडाचा अत्यल्प गट सहा लाखांपर्यंत आहे, तुम्ही त्यात बसता. अधिवासाचा दाखला, दोघांचे उत्पन्नाचे कागद आत्ताच तयार ठेवा. सोडत निघाल्यावर तहसीलच्या रांगेत उभं राहायला वेळ पुरत नाही. हाताशी असलेले साठ हजार मला गाडीत टाकण्यापेक्षा डिपॉझिटमध्ये बरे वाटतात, तिथून ते परत येतात.

सहार_नाईट

ठीक आहे. मरोळ-साकीनाक्याकडे बघतो आणि ठेकेदाराला पत्र देतो. गाडी दोन वर्षं पुढे ढकलली. तरी गॅरेजवाल्या दादांना विनंती, जुनी अल्टो घेताना काय बघायचं ते इथे लिहून ठेवा. तेव्हा उपयोगी पडेल.

गॅरेज_कुर्ला

लिहितो. चांगला निर्णय केलात.

गाडी सकाळी, इंजिन गार असताना बघा. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर परत या. बॉनेटला हात लावला की कळतं. सुरू करताना निळा धूर निघाला तर इंजिन ऑइल जळतंय. ऑइलचं झाकण उघडा, आत साईसारखा पांढरट थर असेल तर पाणी ऑइलमध्ये जातंय, हेड गॅस्केटचं काम निघेल.

मुंबईत सगळ्यात मोठी भीती पुरात बुडालेल्या गाडीची. शाम्पू मारून, सीट कव्हर बदलून ती चकाचक करतात, पण एक जागा सुटते. पुढचा सीट बेल्ट शेवटपर्यंत, अगदी रिळ संपेपर्यंत ओढा. खालच्या दोन वितीत मातीच्या रंगाची आडवी रेघ दिसली तर पाणी तिथवर चढलेलं होतं. मग सीट मागे सरकवून रुळाच्या बोल्टांना बोट लावा. पुढच्या सीटखालचे चारही बोल्ट गंजलेले आणि बाकी गाडी नवी कोरी, असं कुठल्याही सरळ गाडीत नसतं. फ्यूज बॉक्समध्ये हिरवट पूड दिसली तर गाडी फुकट दिली तरी घेऊ नका, वायरिंग एकेक करून दगा देतं.

क्लच: हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये हळूहळू क्लच सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर ठीक, गुरगुरत राहिलं तर प्लेट संपली. ८०० सीसीच्या अल्टोला टायमिंग बेल्ट असतो. बदलल्याचं बिल नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करून मागा.

सीएनजी: आरसीवर इंधनाच्या रकान्यात सीएनजीची नोंद हवीच. बाहेरून किट बसवून नोंद न केलेली गाडी विम्यात अडकते. डिकीतल्या टाकीच्या चाचणीची तारीख बघा, ती दर तीन वर्षांनी करावी लागते. ती उलटली असेल तर चाचणीचा खर्च आणि दोन-तीन दिवस गाडी बंद, दोन्ही धरा.

कागद: चेसिस नंबर स्वतः आरसीशी जुळवा. गाडीचा नंबर टाकून ई-चलान ऑनलाइन तपासा, थकलेले दंड आधीच्या मालकाकडूनच भरून घ्या. कर्ज होतं का? असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. हस्तांतरणाला फॉर्म २९ आणि ३०. दुसऱ्या आरटीओची गाडी असेल, म्हणजे ठाण्याची एमएच ०४ घेऊन अंधेरीच्या एमएच ०२ ला आणायची, तर फॉर्म २८ चं ना-हरकत प्रमाणपत्रही. नुसत्या सही केलेल्या फॉर्मवर पूर्ण पैसे देऊ नका, दहा टक्के तरी नाव चढेपर्यंत राखून ठेवा. विमाही लगेच आपल्या नावावर करून घ्या. आधीच्या मालकाची नो क्लेम सवलत तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे हप्ता वाढला तर घाबरू नका.

एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असेल तर उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवलेली आहे का बघा, नसेल तर ७४५ अधिक जीएसटी. आणि पंधरा वर्षं पूर्ण व्हायला आलेली गाडी स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नका. पुनर्नोंदणीचीच फी ५,००० आहे, वर पर्यावरण कर आणि पासिंगसाठीची डागडुजी. दोन वर्षांनी बघाल तेव्हा आठ-नऊ वर्षांची, एकाच मालकाची, सोसायटीत उभी राहिलेली गाडी शोधा. पावसाळा संपल्यावर लगेच नको, बुडालेल्या गाड्या तेव्हाच बाजारात येतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये बघा.